खाडे

पुढच्या वर्षाचं कॅलेंडर पतपेढीनं दिलंय,
गुंडाळी तशीच कपाटावर पडून आहे.
जुनं काढावं म्हणून खुर्चीवर चढले
आणि तिथंच उभी राहिले, चष्मा लावून,
दुधाचे खाडे वाचत.

जानेवारी कोरा.
एकतीस दिवस, रोज अर्धा लिटर.
उरलेल्याचं विरजण, विरजणाचं ताक,
ताकाचं काय करायचं
हा त्या महिन्यातला सगळ्यात मोठा प्रश्न.

फेब्रुवारी, नऊ आणि दहा: दोन फुल्या.
स्वारगेटहून दापोली. कंडक्टर म्हणाला, किती?
एक.
एकच?
आणि मागच्या सीटकडे बघितलं त्यानं,
जणू माझं कुणी तिथं बसायचं राहिलंय.
समुद्रात मी गुडघ्यापर्यंतच गेले.
बावन्नाव्या वर्षी गुडघे म्हणजे
काही कमी खोल नव्हे.

एप्रिलात तीन फुल्या, वेगळ्या पेनानं.
एरंडवण्यातल्या हॉस्पिटलात फॉर्म भरताना
‘तातडीच्या वेळी कोणाला कळवावे’ इथं अडले.
भाऊ न्यू जर्सीत, त्याच्याकडे तेव्हा रात्र.
रोज माझ्या दाराशी येणारं माणूस एकच,
म्हणून लिहिलं: ज्ञानोबा पायगुडे.
नाते: दूध.
नर्सनं दोनदा वाचलं, बोलली काही नाही.
गाठ साधी निघाली.
पायगुडेंना हे अजून ठाऊक नाही.

कॅलेंडरवर नाही असंही आहे बरंच.
आळंदी रोडच्या आरटीओत स्कूटरवर काढायचा आठ:
जूनमध्ये पाय टेकला, नापास.
जुलैत पुन्हा टेकला,
पण नेमका तेव्हाच इन्स्पेक्टर शिंकला.
दोन्ही दिवशी दूध घेऊन, तापवून निघाले होते,
म्हणून खाडा नाही.

ऑगस्टात चार दिवस उलटा हिशोब,
अधिक अर्धा, अधिक अर्धा.
कोण आलं होतं ते पायगुडेंनी विचारलं नाही.
समोरच्या खांबेटेबाईंनी विचारलं.
त्यांना सांगितलं नाही, इथंही सांगत नाही.
तेवढे चार दिवस साय जाड धरली.

ऑक्टोबर. हिमालयात गेले,
आणि पायगुडेंना सांगायचंच राहून गेलं.
बारा हजार फुटांवर डोकं ठणकायला लागलं,
वाटाड्या पोरानं माझी बोटं दाबून पाहिली,
मान हलवली, सॅक स्वतःच्या पाठीवर घेतली.
निघण्याआधी तंबूच्या दारातून शिखर बघितलं,
उलटी झाली,
पुन्हा बघितलं.
इकडे अकरा दिवस दूध खांबेट्यांकडे जात होतं
आणि अख्खी इमारत माझं दही खात होती.
गेलात का वर? जिन्यात जो तो विचारायचा.
दिसलं, म्हणायचे.
त्या महिन्यात एकही फुली नाही, पैसे पूर्ण दिले.
हिशोबानं मी घरीच होते.

नोव्हेंबरातल्या दोन फुल्या माझ्या नाहीत.
एकोणीस वर्षांत त्यांचा पहिला खाडा.
तिसऱ्या पहाटे आले, मफलर कानांवर घट्ट,
म्हणाले, मंडळींना घेऊन दापोलीला गेल्तो,
तुम्ही म्हनला व्हता न्हवं.
मग कॅनचं झाकण लावता लावता,
पानी लई, बाई. पन आपल्या धंद्याच्या कामाचं न्हाई.
खारट.
मी इतकी हसले की पातेलं हिंदकळलं,
पायरीवर दूध. मांजराची चंगळ.

आज एकतीस. सहकारनगरात असलं धुकं
की आधी मोटरसायकल ऐकू आली,
मग कॅनची कडी, मग ते दिसले.
माप ओतलं, वर थोडं वरतं घातलं,
विचारलं, उद्या हायसा न्हवं?
एकोणीस वर्षं मी यावर म्हणत आले,
जाणारेय कुठं.

पातेलं दोन्ही हातांत, बोटं गारठलेली.
बघते, म्हटलं.
संध्याकाळपर्यंत कळवते.